तारामाशांसाठी मायक्रोसॅटेलाइट मार्कर तयार करताना: नालपादाच्या तुकड्यापासून तपासलेल्या संचापर्यंत

हा लेख एम.एस्सी. किंवा पीएच.डी.च्या सुरुवातीला असलेल्यांसाठी आहे. पीसीआर येतो, जेल चालवता येतं, पण कोऱ्या प्रजातीसाठी मार्कर उभे करायची पहिलीच वेळ आहे, असं गृहीत धरलं आहे. उदाहरण म्हणून क्राउन ऑफ थॉर्न्स, म्हणजे अ‍ॅकँथॅस्टर हा प्रवाळ खाणारा तारामासा घेतला आहे. तो लक्षद्वीप आणि अंदमानात आढळतो, त्याच्या जीनोमचा आराखडा उपलब्ध आहे आणि नवख्याला अडकवणारे बहुतेक सापळे त्याच्यात आहेत.

एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. मायक्रोसॅटेलाइट म्हणजे मोजकी अक्षरं ओळीने पुन्हा पुन्हा येणारा डीएनएचा तुकडा, आणि ती किती वेळा येतात हे प्राण्यागणिक बदलतं. असे पुनरावृत्तीचे तुकडे संगणक तासाभरात हजारोंनी काढून देतो. अडचण असते ती त्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना. तारामाशांसारख्या प्रचंड संख्येने अंडी सोडणाऱ्या समुद्री प्राण्यांत डीएनएतली विविधता इतकी असते की प्रायमर चिकटायची जागाच प्राण्यागणिक बदललेली निघते. मग एक अ‍ॅलील (त्या जागेचं एक रूप) पीसीआरमध्ये उठतच नाही, विषमयुग्मी (दोन वेगळी रूपं असलेला) प्राणी समयुग्मी (दोन्ही सारखी असलेला) दिसतो आणि पुढची सगळी आकडेमोड बिघडते. म्हणून यापुढच्या पायऱ्यांत वेळ वाचवायचाच असेल तर कुठेही वाचवा, सातव्या पायरीत वाचवू नका.

१. मायक्रोसॅटेलाइटच हवेत का, हे आधी ठरवा

दोन-तीन ठिकाणचे प्राणी एकदाच तपासून प्रश्न मिटणार असेल आणि सिक्वेन्सिंगला पैसे असतील, तर डीडी-रॅडसारख्या (जीनोमचे निवडक तुकडे वाचणाऱ्या) पद्धतीने हजारो एसएनपी, म्हणजे एका अक्षराचे बदल, मिळवणं सरळ पडतं. मायक्रोसॅटेलाइट उपयोगी पडतात ते दरवर्षी थोडे थोडे नमुने येत राहणार असतील, पालक-पिल्लं जुळवायची असतील, विभाजनाने वाढणाऱ्या प्रजातीत क्लोन ओळखायचे असतील, किंवा जवळ फक्त पीसीआर यंत्र असून आकार मोजायला नमुने बाहेर पाठवता येत असतील तेव्हा. रोगानंतर जीनोममध्ये निवड कुठे झाली, असा प्रश्न असेल तर बारा मायक्रोसॅटेलाइट काहीही सांगणार नाहीत. त्यासाठी ते बनलेलेच नाहीत.

२. प्राण्याची राहणी समजून घ्या

मार्करचे निकाल कसे वाचायचे हे प्रजननाच्या पद्धतीवर ठरतं, त्यामुळे हे वाचन प्रयोगशाळेत शिरण्याआधी व्हायला हवं.

अ‍ॅकँथॅस्टरची मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी सोडते आणि अळ्या काही आठवडे पाण्यावर तरंगतात. इथे अ‍ॅलीलची संख्या भरपूर आणि ठिकाणाठिकाणांतला फरक बारीक, अशी अपेक्षा ठेवा. लेप्टॅस्टेरियाससारख्या पिल्लं अंगाखाली सांभाळणाऱ्या प्रजातीत एकाच खडकावरचे प्राणी भावंडं असू शकतात, तेव्हा नमुने अंतर राखून घ्यावे लागतात. ऑस्ट्रेलियातल्या क्रिप्टॅस्टेरिना हिस्टेरामध्ये एकच प्राणी नर आणि मादी दोन्ही असतो आणि स्वफलन करतो. तिथे जवळजवळ प्रत्येक मार्कर समयुग्मी दिसेल, आणि त्यात पीसीआरचा काही दोष नसेल.

लिंकिया मल्टिफोरा आणि कॉसिनॅस्टेरियास हे अंगाचे तुकडे करून वाढतात. प्राण्याच्या भुजा लहान-मोठ्या असतील आणि पाठीवर एकापेक्षा जास्त मॅड्रिपोराइट, म्हणजे पाणी आत घेणाऱ्या चाळणीसारख्या चकत्या दिसल्या, तर क्लोनची शंका घ्या आणि वहीत नोंदवा.

३. परवाने, कागद आणि सामान

कागद आधी, तिकीट नंतर.

- संस्थेचं पत्र. त्यात प्रजाती, ठिकाणं, प्राण्यांची संख्या आणि नमुन्याचा प्रकार (नालपाद, म्हणजे भुजांखालचे नळीसारखे पाय; प्राणी जिवंत परत सोडणार) स्पष्ट लिहिलेलं असावं.
- संरक्षित क्षेत्र असेल तर वनखात्याची परवानगी. अंदमानात वांडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान, आपल्याकडे मालवणचं सागरी अभयारण्य ही अशी क्षेत्रं.
- लक्षद्वीपला जायचं तर प्रशासनाचा प्रवेश-परवाना. संशोधनाची परवानगी वेगळी असते, एकावर दुसरी मिळाली असं समजू नका.
- ऊतक किंवा डीएनए भारताबाहेर पाठवायचा असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया. सिक्वेन्सिंग करणारी कंपनी नमुने परदेशी शाखेत पाठवते का, हे दरपत्रक मागतानाच लेखी विचारा. हा प्रश्न बरेच जण नमुने कुरिअरला दिल्यावर विचारतात.
- विमानाने इथेनॉलमधले नमुने नेताना आयएटाच्या (आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या) ए-१८० या विशेष तरतुदीप्रमाणे बांधणी: प्रत्येक कुपीत जास्तीत जास्त ३० मिलिलिटर, सगळ्या पेटीत मिळून १ लिटरच्या आत, मध्ये शोषक कागद, बाहेर तरतुदीचा उल्लेख असलेलं लेबल.

सामानात बारीक कात्री, दोन चिमटे, २ मिलिलिटरच्या पेचदार झाकणाच्या कुप्या, शुद्ध इथेनॉल (९५ टक्के किंवा जास्त), घरगुती ब्लीचचं १० टक्के द्रावण, गोडं पाणी, पेन्सिल आणि जाड कागदाच्या चिठ्ठ्या. मार्कर पेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते, म्हणून पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी कुपीच्या आत टाका. प्रयोगशाळेतलं डिनेचर्ड स्पिरिट चालणार नाही, आणि फॉर्मलिनच्या तर वाटेलाही जाऊ नका. इथेनॉल नेता येत नसेल तर डीएमएसओ-मीठ द्रावण तयार करा: २० टक्के डीएमएसओ, ०.२५ मोलर ईडीटीए (पीएच ८) आणि मीठ विरघळेनासं होईपर्यंत.

४. नमुना घेणं

नालपाद हाच उत्तम नमुना. ते परत उगवतात आणि प्राणी मरत नाही. भुजेच्या टोकाचा तुकडाही चालतो, पण त्यात कॅल्शियमचे तुकडे जास्त येतात. जठराच्या पुढच्या पाचक अंधनालिका मऊ आणि भरघोस दिसतात म्हणून मोह होतो. तिथे पाचक विकर ठासून भरलेले असतात आणि डीएनएचा भुगा मिळतो.

अ‍ॅकँथॅस्टरचे काटे विषारी आहेत. हातमोजा भेदून जातात. लांब चिमट्याने किंवा आकड्याने प्राणी उलटा करा, एक-दोन मिनिटं थांबा. पालथं व्हायला तो नालपाद बाहेर ताणतो, तेव्हा कात्रीने ८ ते १० नालपाद बुडाशी कापा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात (सुमारे ४५ अंश सेल्सिअस) तो भाग अर्धा ते दीड तास बुडवतात आणि डॉक्टर गाठतात. म्हणून होडीत थर्मासभर गरम पाणी असू द्या.

खडकाला घट्ट धरून बसणाऱ्या प्रजाती, उदाहरणार्थ उत्तर अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरचा पिसॅस्टर ऑक्रेशियस, जोराने ओढू नका. नालपाद तुटून खडकावरच राहतात. भुजेच्या कडेखाली कात्री सरकवून तिथूनच कापा. त्या किनाऱ्यावर २०१३ पासून तारामाशांना झिजवणारा रोग पसरला, तेव्हापासून दोन ठिकाणांच्या मध्ये बूट-साहित्य ब्लीच करणं हा शिष्टाचारच झाला आहे. तो सगळीकडे पाळावा. प्रत्येक प्राण्यानंतर कात्री ब्लीचमध्ये बुडवा, मग गोड्या पाण्यात, मग इथेनॉलमध्ये. ब्लीच राहून गेलं तर पुढच्या नमुन्याचा डीएनए खातं.

प्रवाळ वाचवण्यासाठी अ‍ॅकँथॅस्टरला इंजेक्शन देऊन मारण्याची मोहीम चालू असेल तर तिथे नमुने सहज मिळतात. फक्त नालपाद इंजेक्शनच्या आधी कापून घ्या. नंतर ऊतक झपाट्याने गळतं.

ऊतकाच्या किमान दहापट इथेनॉल हवं. तारामाशाचं अंग पाण्याने आणि बुळबुळीत स्रावाने भरलेलं असतं, त्यामुळे पहिलं इथेनॉल पातळ होतं. २४ तासांनी ते ओतून ताजं भरा. ही एकच कृती न केल्याने वाया गेलेले नमुने कुठल्याही प्रयोगशाळेच्या शीतपेटीत सापडतील.

प्रत्येक ठिकाणचे ३० ते ५० प्राणी घ्या. सोबत भुजांची संख्या, मध्यापासून भुजेच्या टोकापर्यंतचं अंतर, खोली, अक्षांश-रेखांश, एक छायाचित्र.

५. डीएनए: स्रावाशी झुंज

तारामाशाच्या स्रावातली बहुशर्करा डीएनएबरोबरच खाली बसते आणि पॉलिमरेजला अडवते. स्तंभ असलेले तयार किट तिच्यामुळे तुंबतात. म्हणून सीटॅब या डिटर्जंटची पद्धत.

द्रावण: २ टक्के सीटॅब, १.४ मोलर मीठ, २० मिलिमोलर ईडीटीए, १०० मिलिमोलर ट्रिस (पीएच ८). वापरण्याच्या दिवशी ०.२ टक्के मर्कॅप्टोइथेनॉल घाला, तेही धूर-कपाटातच.

१. दोन-तीन नालपाद टिपकागदावर ठेवून इथेनॉल पूर्ण उडू द्या. जास्त ऊतक घातलं की जास्त डीएनए मिळतो, हा गैरसमज आहे. जास्त स्राव मिळतो.
२. ६०० मायक्रोलिटर सीटॅब आणि १० मायक्रोलिटर प्रोटिनेज के (२० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर). ५५ ते ६० अंशांवर दोन-तीन तास, अधूनमधून उलटंपालटं करत.
३. तेवढंच क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल (२४:१), पाच मिनिटं हळुवार हलवा, १२,००० जी वर दहा मिनिटं फिरवा. यंत्र खोलीच्या तापमानाला ठेवा. थंड यंत्रात सीटॅबच पांढरं होऊन बसतं आणि लोकांना तो डीएनए वाटतो.
४. वरचा थर नव्या नळीत. मधला पांढरा पापुद्रा दिसत असेल तर पायरी ३ पुन्हा. पिपेटचं टोक उचलताना भेंडीसारखी तार सुटत असेल तर स्राव अजून आहे, पुन्हा करा.
५. वरच्या थराच्या निम्मं ५ मोलर मिठाचं द्रावण मिसळा, मग एकूण आकारमानाच्या दुप्पट थंड इथेनॉल. एवढ्या मिठात डीएनए खाली बसतो आणि बहुशर्करेचा बराचसा भाग द्रावणातच राहतो. ही युक्ती वनस्पतींच्या प्रयोगशाळांतून आली आहे आणि इथे फार उपयोगी पडते. रात्रभर उणे वीसमध्ये ठेवू नका, मीठच खाली बसेल. अर्धा तास पुरे.
६. ७० टक्के इथेनॉलने दोनदा धुवा, वाळवा, ५० मायक्रोलिटर टीईमध्ये विरघळवा. आरएनएज २ मायक्रोलिटर (१० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर), ३७ अंशांवर अर्धा तास.

नॅनोड्रॉपवर २६०/२८० चा आकडा १.८ च्या आसपास आला की नवखे खूश होतात. इथे बघायचा तो २६०/२३०. तो १.५ च्या खाली असेल तर पीसीआर रुसेल. मात्र लगेच सगळं पुन्हा करू नका. डीएनए दहापट पातळ करून पाहा. पातळ केल्यावर पट्टी उठली तर रोधक आहेत, डीएनए बरा आहे. बीएसए हे प्रथिन (०.२ ते ०.४ मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर) घातल्यानेही पुष्कळदा काम होतं. सिक्वेन्सिंगला पाठवायचे नमुने मात्र क्युबिटवर मोजा आणि जेलवर अखंड पट्टी दिसते का ते पाहा.

६. हातात कोणती प्रजाती आहे?

२००८ साली माइटोकाँड्रियाच्या जनुकावरून दिसून आलं की अ‍ॅकँथॅस्टर प्लँसी म्हणून ओळखला जाणारा प्राणी मुळात चार वेगळ्या वंशशाखांचा समूह आहे: तांबडा समुद्र, प्रशांत महासागर, उत्तर हिंदी महासागर आणि दक्षिण हिंदी महासागर. लक्षद्वीपचा प्राणी ज्या भागात मोडतो तो उत्तर हिंदी महासागर. २०१७ साली प्रसिद्ध झालेला जीनोम (सुमारे ३८४ दशलक्ष अक्षरजोड्यांचा) ग्रेट बॅरियर रीफ आणि ओकिनावाच्या प्राण्यांचा, म्हणजे प्रशांत शाखेचा. त्यावरून बनवलेले प्रायमर आपल्या प्राण्यात चालतील असं धरून चालणं हा या कामातला सगळ्यात महागडा आशावाद आहे.

म्हणून प्रत्येक ठिकाणच्या निदान पाच-सहा प्राण्यांचा सीओआय (प्रजाती ओळखायला वापरतात त्या माइटोकाँड्रियाच्या जनुकाचा) तुकडा वाचून घ्या. फोल्मर प्रायमर (एलसीओ-१४९० आणि एचसीओ-२१९८) ६५८ अक्षरांचा तुकडा देतात. ते चालले नाहीत तर कंटकचर्मी प्राण्यांसाठी बदललेले प्रायमर वापरा. क्रम प्रथिनात उलगडताना जनुकीय संकेताचा तक्ता क्रमांक ९ निवडा. प्रमाण तक्त्यात टीजीए म्हणजे थांबा, तारामाशाच्या माइटोकाँड्रियात ते ट्रिप्टोफॅन. चुकीच्या तक्त्याने मधोमध थांबे दिसतात आणि चांगला क्रम खोटा समजून फेकला जातो. तक्ता बरोबर असूनही थांबे दिसले, तर केंद्रकात शिरलेली प्रत उठली असण्याची शक्यता आहे.

७. सिक्वेन्सिंग आणि प्रायमरच्या जागांची तपासणी

एका प्राण्याचा डीएनए वाचा, पुनरावृत्ती शोधा, प्रायमर मागवा: ही जुनी रीत. स्वस्त पडते आणि नंतर रडवते. तिचं गणित पाहू.

समजा प्रायमरच्या जागेवरचा एक बदल समष्टीत १५ टक्के प्रमाणात आहे. एका प्राण्यात गुणसूत्राच्या दोन प्रती. तो बदल दोन्हींत नसण्याची शक्यता ०.८५ चा वर्ग, म्हणजे ७२ टक्के. तुम्हाला जागा स्वच्छ दिसेल. सहा प्राणी वाचले तर प्रती बारा, आणि बदल निसटण्याची शक्यता ०.८५ चा बारावा घात, म्हणजे १४ टक्के. एवढा फरक पाच जादा नमुन्यांनी पडतो. सहाही प्राणी एकाच खडकावरचे नकोत. दोन-तीन ठिकाणांचे घ्या.

किती वाचायचं? ३८४ दशलक्ष अक्षरांचा जीनोम दहा वेळा म्हणजे प्राण्यामागे सुमारे ४ गिगाबेस (अब्ज अक्षरं), सहा प्राण्यांचे २४. इल्युमिनाचे १५० अक्षरांचे जोडवाचन पुरतं. ३ पट खोलीवर दोन्ही प्रती दिसतीलच असं नसतं, त्यामुळे वरचं गणित कोलमडतं. तेव्हा बारा प्राणी तीन पट वाचण्यापेक्षा सहा प्राणी दहा पट वाचलेले बरे.

मग क्रम असा:

- वाचनांची टोकं छाटा, संदर्भ-जीनोमवर बीडब्ल्यूए या प्रोग्रामने बसवा. दुसऱ्या शाखेचा जीनोम असला तरी बहुतेक भाग बसतो. संदर्भच नसेल तर सर्वात चांगल्या नमुन्याची साधी जुळणी करून तीच संदर्भ धरा.
- न बसलेली वाचनं बाजूला ठेवा. नालपादावर जीवाणू असतात, आणि प्रवाळ खाऊन आलेल्या प्राण्यावर प्रवाळाचा व त्यातल्या शैवालाचाही डीएनए असतो. संदर्भाशिवाय काम करणाऱ्यांनी निवडलेला प्रत्येक तुकडा ब्लास्टवर पडताळावा, नाहीतर जीवाणूचा सुंदर मार्कर तयार होतो.
- मिसा किंवा क्राइट या प्रोग्रामने पुनरावृत्ती शोधा. तीन आणि चार अक्षरांच्या पुनरावृत्तींना प्राधान्य द्या. दोन अक्षरांच्या जास्त बदलत्या असतात, पण लांबी मोजणाऱ्या यंत्रावर त्यांच्या शिखरांमागे छोट्या खोट्या शिखरांची शेपटी येते, ती वाचणं कटकटीचं. चार अक्षरी असेल तर ८ ते १५ वेळा. त्याहून लांब असेल तर मोठी अ‍ॅलील उठत नाहीत. मधे तुटलेल्या किंवा दोन प्रकार जोडलेल्या पुनरावृत्ती टाळा.
- हिप-एसटीआरसारख्या साधनाने सहा प्राण्यांत लांबी खरंच बदलते का ते पाहा. न बदलणाऱ्या जागा इथेच गळतात.
- उरलेल्या जागांच्या दोन्ही बाजूंच्या दीडशे अक्षरांत सहा प्राण्यांतले सगळे एसएनपी आणि तुटी (गळलेली किंवा जादा अक्षरं) चिन्हांकित करा. प्रायमर या खुणा चुकवून बसवायचा. प्रायमरच्या ३′ टोकाच्या पाच अक्षरांत एकही बदल चालणार नाही.
- तोच भाग जीनोममध्ये आणखी कुठे आहे का, हे तपासा. एखाद्या जागी वाचनांची खोली सरासरीच्या दुप्पट दिसत असेल तर ती जागा बहुधा एकापेक्षा जास्त ठिकाणी आहे.

या चाळणीत हजारो जागांच्या शंभर-दीडशे उरतात. त्यातल्या ४० ते ५० प्रायमरजोड्या मागवा. बारा कामाच्या निघाल्या तर समाधान माना.

८. प्रायमर आणि शेपट्या

प्रायमर३ या प्रोग्राममध्ये: लांबी १८ ते २४, वितळण्याचं तापमान ५८ ते ६२ अंश, जोडीतला फरक १ ते २ अंशांच्या आत, जीसी ४० ते ६० टक्के, एकाच अक्षराची ओळीने आवृत्ती चारपेक्षा जास्त नको. तुकड्यांची लांबी तीन पट्ट्यांत वाटा: १०० ते १८०, १९० ते २७०, २८० ते ३८०. चार रंग (फॅम, विक, नेड, पेट) गुणिले तीन पट्ट्या, म्हणजे बारा मार्कर एका नळीत मोजता येतात. पाचवा रंग लिझ, तो मोजपट्टीचा.

४८ प्रायमर रंगीत मागवू नका. पुढच्या प्रायमरला एम१३ ची (सगळ्यांना सारखीच, ठरलेली) १८ अक्षरी शेपटी जोडा आणि फक्त एम१३ प्रायमर रंगीत मागवा, प्रत्येक रंगात एक. उलट दिशेच्या प्रायमरच्या ५′ टोकाला जीटीटीटी ही चार अक्षरं जोडा. टॅक पॉलिमरेज तुकड्याच्या टोकाला कधी एक जादा ए लावतं, कधी नाही, आणि एका अ‍ॅलीलची दोन शिखरं दिसतात. या चार अक्षरांमुळे ते जवळपास नेहमीच लावतं.

९. पहिली चाळणी

१० मायक्रोलिटरची मिसळ: २× हॉट-स्टार्ट मिक्स ५, शेपटीचा प्रायमर (२.५ मायक्रोमोलर) ०.४, उलट प्रायमर (१० मायक्रोमोलर) ०.४, रंगीत एम१३ (१० मायक्रोमोलर) ०.४, पाणी २.८, डीएनए १ (सुमारे १० नॅनोग्रॅम). शेपटीचा प्रायमर मुद्दाम चौपट कमी आहे. तो संपला की रंगीत प्रायमर काम हाती घेतो. प्रमाण उलटं झालं तर जेलवर ठसठशीत पट्टी आणि यंत्रावर सपाट रेघ, असा चमत्कार दिसतो.

चक्र: पॉलिमरेज जागं करायला त्याच्या पत्रकात दिलेला वेळ, ९४ अंश ३० सेकंद, ५६ अंश ४५ सेकंद, ७२ अंश ४५ सेकंद अशी ३० चक्रं, मग तशीच ८ चक्रं, पण ५३ अंशांवर, शेवटी ६० अंशांवर ३० मिनिटं.

आधी वेगवेगळ्या ठिकाणचे आठ प्राणी आणि एक नुसतं पाणी, जेलवर. आठपैकी सात जणांत स्वच्छ पट्टी न देणारी जोडी सोडून द्या. तापमान आणि मॅग्नेशियम बदलत तिच्यामागे आठवडे घालवू नका. बाकीच्या जोड्या आहेत.

१०. शिखरं वाचणं

१० ते २० पट पातळ केलेलं उत्पादन १ मायक्रोलिटर, हाय-डाय फॉर्मामाइड ८.७, लिझ मोजपट्टी ०.३. ९५ अंशांवर तीन मिनिटं, लगेच बर्फात. पातळ न करता घातलं तर शिखर इतकं उंच जातं की एका रंगाची सावली दुसऱ्या रंगात पडते आणि तिथे नसलेलं अ‍ॅलील दिसतं. बरोबर त्याच लांबीवर दुसऱ्या रंगात महाकाय शिखर असेल तर ती सावलीच.

लांबी दशांशासकट लिहून ठेवा: १४२.३७, १४६.२१. यंत्रावर चार अक्षरांचा फरक नेमका ४.०० येत नाही, त्यामुळे नुसतं जवळच्या पूर्णांकाला आणलं की लांब अ‍ॅलीलपाशी घोळ होतो. सगळे आकडे चढत्या क्रमाने मांडा, नैसर्गिक गट दिसतात, त्यांना नावं द्या. टँडेम किंवा एमसॅटअलील हेच पद्धतशीर करतात. दोन ठरलेले नमुने प्रत्येक प्लेटवर घाला म्हणजे यंत्र सरकलं तर कळतं.

११. मार्करची परीक्षा

आता दोन ठिकाणचे प्रत्येकी ३० ते ५० प्राणी. दहा टक्के नमुने डीएनए काढण्यापासून पुन्हा करा आणि चुकांचा दर काढा.

हार्डी-वाइनबर्ग (विषमयुग्मी अपेक्षेइतके आहेत का) आणि जोडी-साखळीच्या (दोन मार्कर एकमेकांना बांधलेले आहेत का) चाचण्या जीनपॉप या प्रोग्राममध्ये होतात. बारा मार्कर आणि दोन ठिकाणं म्हणजे २४ चाचण्या, मार्करच्या जोड्या ६६. पाच टक्के पातळीवर काही उगाचच अपयशी दिसणार, त्यामुळे अनेक चाचण्यांसाठीची दुरुस्ती लावा. नल अ‍ॅलीलचा, म्हणजे पीसीआरमध्ये न उठणाऱ्या अ‍ॅलीलचा, अंदाज मायक्रो-चेकर किंवा फ्री-एनए देतात.

'आमचे सगळे नमुने उठले, म्हणजे नल अ‍ॅलील नाहीत' हा युक्तिवाद प्रबंधांत नेहमी भेटतो. हिशोब करा. नल अ‍ॅलील १५ टक्के असेल तर दोन्ही प्रती नल असण्याची शक्यता सव्वादोन टक्के. तीस प्राण्यांत एकही अपयश दिसलं नाही तरी नवल नाही. पण एक प्रत नल असलेले प्राणी साडेपंचवीस टक्के, म्हणजे तीसपैकी सात-आठ जण खोटे समयुग्मी म्हणून तक्त्यात बसलेले असतात.

विषमयुग्मींची तूट दिसली तर कारण असं वेगळं करा. काही मार्करमध्येच आहे आणि बाकी ठीक: नल अ‍ॅलील. सगळ्या मार्करमध्ये सारखीच: स्वफलन किंवा जवळच्या नात्यातलं प्रजनन. सगळ्यांत थोडी थोडी आणि सीओआयमध्ये दोन गट: दोन वंशशाखा एकत्र मोजल्या गेल्या. लांब अ‍ॅलील असलेल्या मार्करमध्येच: लांब अ‍ॅलील गळत आहेत, डीएनए वाढवून पाहा. क्लोन होणाऱ्या प्रजातीत यातलं काहीही करण्याआधी सारखे जनुकप्ररूप एकदाच मोजा.

शंका राहिलीच तर संकर करून पाहा. प्रजननाच्या हंगामात १-मिथिलअ‍ॅडेनिनच्या सुमारे १०० मायक्रोमोलर द्रावणाने पक्व तारामासे तासाभरात अंडी-शुक्राणू सोडतात. एक नर, एक मादी, आणि दोन-तीन दिवसांच्या २४ अळ्या एकेकट्या नळीत. आई फक्त अ दाखवते, बाप फक्त ब. सगळ्या पिल्लांनी अ-ब दाखवायला हवं. निम्मी फक्त ब दाखवत असतील तर आईकडे नल अ‍ॅलील आहे, आणि यावर कुठलाही सांख्यिकी वाद उरत नाही. अळ्या लहान असतानाच घ्या. काही तारामाशांच्या अळ्या वाढताना स्वतःचा तुकडा तोडून दुसरी अळी बनवतात, मग चोवीसांत जुळी निघाली तर दोष नेमका कुठे ते समजत नाही.

नल अ‍ॅलील पाच टक्क्यांच्या आत असलेले मार्कर ठेवा. त्याहून जास्त असलेला पण बाकी उत्तम मार्कर असेल तर त्याच भागात प्रायमर थोडा सरकवून एकदा पुन्हा मागवा. सातव्या पायरीतली एसएनपींची खूण केलेली फाइल तेव्हा हाताशी लागते.

१२. दुसऱ्याला वापरता येईल असं नोंदवा

दोन प्रयोगशाळांची अ‍ॅलीलं आपोआप जुळत नाहीत. यंत्र, रंग, पॉलिमर बदलला की लांबी एक-दोन अक्षरांनी सरकते. म्हणून प्रायमरचे क्रम (शेपट्या वेगळ्या दाखवून), पुनरावृत्तीचा नमुना, रंग, तापमान, अ‍ॅलीलचा पल्ला, नल अ‍ॅलीलचा अंदाज आणि चुकांचा दर एका तक्त्यात द्या. कच्चे क्रम सार्वजनिक संग्रहात टाका. न चाललेल्या जोड्यांची यादीही द्या, पुढच्याचे पैसे वाचतात. आणि चार-पाच संदर्भ प्राण्यांचा डीएनए छोट्या वाट्यांत विभागून उणे ऐंशीत वेगळा ठेवा. कुणी मागितला तर त्यातला एक वाटा आणि त्याची वाचलेली शिखरं एकत्र पाठवता आली पाहिजेत.